निसर्ग आणि प्राणिजीवनावरील मराठी पुस्तके: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात प्राणी, पक्षी, झाडे आणि रानावनांविषयीच्या पुस्तकांचे एक स्वतंत्र कपाट आहे. देवघेवीच्या टेबलापाशी उभे राहून वाचक त्या कपाटाविषयी जे प्रश्न वर्षानुवर्षे विचारत आले आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ती पुस्तके हाताळणाऱ्या माणसांनी दिलेली आहेत, प्राणिशास्त्रज्ञांनी नव्हे; त्यामुळे त्यांत आमच्या आवडीनिवडी डोकावल्या, तर वाचकांनी त्या तशाच समजून घ्याव्यात.

निसर्गावरचे एकही पुस्तक मी वाचलेले नाही. सुरुवात कोठून करावी?

शहरात राहणाऱ्या आणि ललित गद्य वाचण्याची सवय असलेल्या वाचकाच्या हाती आम्ही बहुधा दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ देतो. 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या पुस्तकात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मराठी महिन्यांच्या क्रमाने निसर्गाकडे पाहिले आहे. त्यासाठी अभयारण्यात जावे लागत नाही, रस्त्याकडेची झाडे आणि डोक्यावरचे आभाळ पुरते. हे पुस्तक एका बैठकीत संपवू नये, अशी आमची विनंती असते. जो महिना चालू असेल त्याचे प्रकरण वाचावे आणि मग जिना उतरून खाली जावे. चैत्रात पिंपळाची कोवळी तांबूस पालवी कोणत्या फांदीवर आधी फुटली हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला ते प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना वेगळे लागते. या पुस्तकाला परतीची मुदत लावणे खरे तर चूक आहे, पण नियम सर्वांना सारखा असल्यामुळे ती लावावी लागते.

ज्यांना गोष्ट हवी असते, त्यांना आम्ही हेमलकशाकडे वळवतो. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात लोकबिरादरी प्रकल्पात अनाथ झालेली वन्य पिल्ले वाढवली गेली. त्या सहवासावर डॉ. प्रकाश आमटे यांचे ‘रानमित्र’ आणि विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ही पुस्तके आहेत. नेगल हे तेथे वाढलेल्या बिबट्याचे नाव. दोन्ही पुस्तके शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत कोणालाही वाचता येतात. मात्र वन्य प्राणी घरी पाळावा, असा निष्कर्ष त्यांतून कोणी काढू नये. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि हेमलकशाची परिस्थितीही सर्वस्वी वेगळी होती.

मारुती चितमपल्ली यांची इतकी पुस्तके आहेत. त्यांतले आधी कोणते वाचावे?

या कपाटाविषयी सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. चितमपल्ली यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1932 रोजी सोलापुरात झाला. वनखात्यातील दीर्घ नोकरीत त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जंगलांत काम केले, 2006 मध्ये सोलापूरलाच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्यांच्या पुस्तकांचे ढोबळमानाने तीन गट पडतात: अनुभवपर ललित लेखन, आत्मचरित्र आणि कोश.

पहिल्या वाचनासाठी आमची पसंती ‘रानवाटा’ किंवा ‘पक्षी जाय दिगंतरा’ यांना आहे, कारण त्यांतले लेख सुटे असल्यामुळे कोठूनही उघडून वाचता येतात. ‘नवेगाव बांधचे दिवस’ हे त्यानंतरचे पुस्तक. पूर्व विदर्भातील तळ्यांचा मुलूख ज्याने पाहिलेला नाही, त्याने ते नकाशा शेजारी ठेवून वाचावे. या भागातले जुने तलाव कोहळी समाजाने बांधले, आणि पाणी, भातशेती, मासे आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांचा तेथे जो मेळ बसला, तो कळल्यावर पुस्तकातल्या साध्या वाक्यांनाही अर्थ येतो. ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र जाडजूड आहे, आणि लेखकाशी ओळख झाल्यानंतरच ते हातात घ्यावे. अनेक वाचक त्यानेच सुरुवात करतात आणि पन्नास पानांनंतर परत आणून देतात. दोष पुस्तकाचा नसतो, क्रमाचा असतो.

चितमपल्लींनी मराठीला शब्दही दिले. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार आणि पक्षी रात्री जेथे मुक्कामाला एकत्र येतात त्या जागेला रातनिवारा हे त्यांचे शब्द आहेत. तलावाकाठच्या एकाच बाभळीवर बगळ्यांची पंचवीस घरटी दिसली की ‘बगळ्यांची खूप घरटी’ म्हणण्याऐवजी ‘सारंगागार’ म्हणता येते, आणि त्या शब्दासरशी ते झाड एक जागा होऊन जाते.

त्यांच्या पुस्तकांतली सगळी माहिती शास्त्रीय म्हणून धरावी का?

नाही, आणि ती तशी धरली तर लेखकावरच अन्याय होईल. चितमपल्लींच्या लेखनात तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असतात: स्वतः पाहिलेले, आदिवासी व वनमजुरांकडून ऐकलेले आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत वाचलेले. हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचा मराठी अवतार त्यांनी नरहर भातंब्रेकर यांच्यासह सिद्ध केला. तो वाचताना जुन्या काळच्या माणसाने सिंह, हत्ती आणि पक्षी यांचे वर्गीकरण कोणत्या नजरेने केले हे कळते. आजच्या प्राणिशास्त्राची माहिती त्यात शोधू नये. लेखक ‘मी पाहिले’ म्हणतो तेथे थांबून वाचावे, ‘असे सांगतात’ म्हणतो तेथे लोककथा ऐकावी तसे ऐकावे. अमुक वनस्पतीचे मूळ जवळ ठेवले तर अमुक होते, या प्रकारच्या उल्लेखांवर प्रयोग करून पाहू नयेत. काही उत्साही वाचकांनी ते केलेले आहेत, म्हणून हे लिहावे लागते.

‘निळावंती’ ग्रंथ आपल्याकडे आहे का?

ज्याच्या वाचनाने पशुपक्ष्यांची भाषा कळते आणि वाचणाऱ्याला वेड लागते किंवा मृत्यू येतो, असे सांगितले जाते, तो ग्रंथ आमच्याकडे नाही. चितमपल्लींचे त्याच नावाचे पुस्तक आहे. ते आजवर अनेकांनी वाचून वेळेवर परत केले आहे आणि सर्वजण सुखरूप आहेत.

एकाच प्राण्याला वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळी नावे दिसतात. कोणते खरे?

हा प्रश्न विचारणारा वाचक आम्हाला फार आवडतो, कारण तो लक्ष देऊन वाचत असतो. सर्वांत मोठा गोंधळ ‘चित्ता’ या शब्दाचा आहे. जुन्या मराठी शिकारकथांत आणि अनुवादांत बिबट्याला सर्रास चित्ता म्हटलेले आढळते. प्रत्यक्षात हे दोन निराळे प्राणी आहेत. बिबट्याच्या अंगावर गुलाबाच्या पाकळ्यांसारखी पोकळ ठिपक्यांची वर्तुळे असतात, तो झाडावर चढतो आणि दबा धरून शिकार करतो. चित्त्याच्या अंगावर सुटे, भरीव ठिपके असतात, डोळ्यांपासून तोंडाच्या कडेपर्यंत काळी रेघ उतरलेली असते आणि तो उघड्या माळावर धावून शिकार पकडतो. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. तेथे ‘चित्ता’ हा शब्द अगदी काटेकोर होता. पण भारतातला चित्ता संपला, 1952 मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले, आणि रिकामा पडलेला शब्द लोकांनी बिबट्याला लावून टाकला. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले, तेव्हा कुठे या दोन शब्दांतला फरक पुन्हा घरोघरी चर्चेत आला. त्यामुळे एखाद्या जुन्या पुस्तकात घाटातल्या गावाच्या वेशीवर चित्ता येऊन कुत्रे उचलून नेत असेल, तर तेथे निःशंकपणे बिबट्या वाचावे.

दुसरा गोंधळ ‘वाघ’ या शब्दाचा आहे, आणि तो मात्र चूक नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेक गावांत बिबट्याला नुसते वाघ म्हणतात, आणि पट्ट्यांचा असेल तर आवर्जून ढाण्या वाघ किंवा पट्टेरी वाघ म्हणतात. वारली आणि इतर आदिवासी ज्या वाघोबाला पुजतात, त्या देवाच्या नावात बिबट्या आणि वाघ असा भेद केलेला नसतो. गावाकडच्या आठवणींच्या पुस्तकात ‘गोठ्यात वाघ शिरला’ असे वाक्य आले तर लेखकाने फुगवून सांगितले असे समजू नये. त्याने गावाचा शब्द वापरला, इतकेच.

तिसरा घोळ अनुवादांनी घातला. इंग्रजीतल्या ‘फॉक्स’ला मराठीत कोल्हा म्हटले जाते, पण आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला ‘जॅकल’. फॉक्स म्हणजे खोकड, कोल्ह्यापेक्षा लहान, झुपकेदार शेपटीचे, माळावर बिळे करून राहणारे. द्राक्षे आंबट ठरवणारा प्राणी मूळ कथेत खोकडाच्या जातीचा आहे. आता त्या म्हणीत बदल करा असे आम्ही म्हणणार नाही, मात्र निसर्गपुस्तकाच्या अनुवादकाने हा फरक पाळायला हवा. ‘डिअर’ आणि ‘अँटलोप’ या दोघांना एकच ‘हरिण’ शब्द वापरण्याचेही तसेच. सांबर, चितळ आणि भेकर यांच्या नरांची शिंगे गळतात आणि नव्याने उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात. ‘काळविटाने यंदाची शिंगे टाकली’ असे वाक्य ज्या अनुवादात आढळेल, त्याच्या उरलेल्या पानांवर किती विश्वास ठेवायचा हे वाचकाने ठरवावे.

व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘सत्तांतर’ कादंबरीच्या कपाटात असायला हवे की येथे?

आमच्याकडे त्याच्या दोन प्रती आहेत आणि वाद टाळण्यासाठी एकेक प्रत दोन्हीकडे ठेवली आहे. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षावर आहे. ती माणसांच्या राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याची प्रथा मराठीत पडली आहे, आणि आमच्या मते त्या वाचनाने पुस्तकाचे नुकसान केले आहे. वानरांच्या टोळीत बहुधा एक प्रौढ नर आणि अनेक माद्या असतात. बाहेरचे नर येऊन त्याला हुसकावतात, आणि नवा प्रमुख जुन्याची अंगावर पिणारी पिल्ले मारतो. पिल्लू गेले की मादी लवकर माजावर येते आणि पुढचे पिल्लू नव्या नराचे होते. ही कल्पित क्रूरता नाही. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळच्या जंगलात हे वर्तन नोंदवले आणि सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर 1977 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. माडगूळकर स्वतः रानात बसून पाहणारे लेखक होते. त्यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक वाचले की हे लक्षात येते. म्हणून ‘सत्तांतर’ वाचताना निदान पहिल्या खेपेला वानरांना वानरेच राहू द्यावे. माणसे आठवायची तेव्हा आपोआप आठवतात.

जाता जाता, वानर आणि माकड यांतला फरकही या पुस्तकासाठी माहीत हवा: काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, आणि लाल तोंडाचे ते माकड.

शिकारकथांची पुस्तके निसर्गाच्या कपाटात का ठेवली आहेत?

हा आक्षेप एका वाचकाने लेखी नोंदवला होता आणि त्यावर आमच्यातही एकमत नव्हते. शेवटी प्रत्येक पुस्तक उघडून ठरवायचे असे ठरले. ज्या पुस्तकात मारलेल्या जनावरांची लांबी आणि संख्या यांपलीकडे काही नाही, ती बाजूला गेली. जिम कॉर्बेट मात्र राहिले. 1944 मध्ये निघालेल्या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकातली चंपावतची वाघीण 436 माणसांच्या मृत्यूस कारणीभूत मानली जाते. 1907 मध्ये तिला मारल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड उघडून पाहिले, तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. नेहमीची शिकार तिला मारता येत नव्हती, याचे कारण त्या तोंडात होते, आणि ते माणसाच्याच बंदुकीने केलेले होते. शिकारीची हकिकत सांगता सांगता असे कारण शोधणारा लेखक निसर्गाच्या कपाटात बसतो, असे आमच्यातल्या बहुसंख्यांचे मत पडले.

तरीही 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि 1973 मध्ये सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प यांच्या आधीचे जग या पुस्तकांत आहे, याची जाणीव ठेवून ती वाचावीत. मेळघाट हे त्या प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. तेथे जाऊन आलेला वाचक कॉर्बेट वाचतो तेव्हा त्याचे मन सहसा वाघाकडे असते.

पक्षी ओळखायला शिकायचे आहे. कोणते पुस्तक न्यावे?

सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक प्रथम 1941 मध्ये निघाले आणि पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. इंग्रजीची अडचण नसेल तर तेच न्यावे. मराठी नावांसाठी चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ जवळ ठेवावा, पण तो कोश आहे, खांद्यावरच्या पिशवीत नेण्याचे पुस्तक नव्हे. पुस्तक नेणे ही अर्धीच गोष्ट झाली, ते उघडण्यापूर्वी काय पाहायचे हे ठाऊक असावे लागते. नवखा माणूस आधी रंग पाहतो आणि तेथेच फसतो, कारण सावलीत काळा दिसणारा पक्षी उन्हात निळा निघतो. सलीम अलींची रीत अशी की आधी आकार ठरवावा, आणि तो माहीत असलेल्या पक्ष्याशी तुलना करून: चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा. मग चोच, मग शेपटी, मग चाल. शेपटीचा पंखा उघडून फांदीवर सतत इकडून तिकडे वळणारा चिमणीएवढा पक्षी नाचण असतो. काळ्या, दुभंगलेल्या लांब शेपटीचा, तारेवर बसून हवेतल्या हवेत किडे टिपणारा कोतवाल. सात-आठांच्या टोळीने पाचोळा उलटत एकसारखा कलकलाट करणारे मातकट पक्षी सातभाई. इतके तीन जमले की पुस्तक उघडायला हरकत नाही.

आवाजाचे ज्ञान मात्र पुस्तकापेक्षा गावाकडे जास्त आहे. मृगाच्या आधी पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो, असे शेतकरी सांगतात, आणि एकदा हे शब्द कानात बसले की तो आवाज आयुष्यभर चुकत नाही.

सलीम अली यांचे इंग्रजी आत्मचरित्र 1985 मध्ये आले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, हा प्रसंग त्यात आहे. 5 नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा सलीम अलींचा जन्मदिवस. या दोन तारखांच्या दरम्यान महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात आमच्याकडे पक्ष्यांचे एकही पुस्तक शिल्लक राहत नाही, म्हणून दिवाळीपूर्वीच नोंदणी करावी.

सापांवरच्या पुस्तकांपैकी विश्वासार्ह कोणती?

येथे आम्ही पुस्तकाचे नाव सांगण्याआधी एक कसोटी सांगतो. पुस्तक उघडून सर्पदंशावरील प्रथमोपचाराचे पान काढावे. जखमेवर काप घ्यावा, रक्त चोखून काढावे, घट्ट आवळपट्टी बांधावी किंवा पोटॅशियम परमँगनेट भरावे असे त्यात लिहिले असेल, तर ते पुस्तक इतर बाबतींत कितीही सुंदर असले तरी त्या पानापुरते कालबाह्य आहे. अशा पानांवर आम्ही लाल शिक्का मारला आहे. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला धीर देत तातडीने रुग्णालयात नेणे आणि तेथे प्रतिसर्पविष मिळणे, हाच उपाय आहे. मुंबईची हाफकिन संस्था ज्यासाठी ओळखली जाते, ते बहुपयोगी प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते.

दुसरी कसोटी साधर्म्याची. चांगले पुस्तक विषारी सापाशेजारी त्याच्यासारखा दिसणारा बिनविषारी साप दाखवते. मण्यार आणि कवड्या यांचे उदाहरण घ्यावे. दोघांच्या अंगावर पांढरट आडवे पट्टे असतात. पण मण्यारीचे पट्टे मानेपासून थोड्या अंतराने सुरू होऊन शेपटीकडे दाट होतात, तर कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात. ही माहिती घरी सापडलेला साप उचलून पाहण्यासाठी नाही. तो न मारता सर्पमित्राला बोलावण्याइतका वेळ स्वतःला देता यावा, यासाठी आहे.

मुलांना काय द्यावे?

आठ वर्षांखालील मुलांना चित्रे द्यावीत आणि नावे अचूक द्यावीत. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल आणि 2015 पासून राज्य फुलपाखरू राणी पाकोळी. या तिघांची चित्रे असलेले पुस्तक मुले पुन्हा पुन्हा मागतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना किपलिंगची मोगलीची गोष्ट आवडते. तिचा लेखक 1865 मध्ये मुंबईत जन्मला, आणि गोष्ट घडते ती सिवनीच्या रानात, म्हणजे नागपूरहून गाडीने काही तासांवर, जेथे आज महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरलेले पेंचचे जंगल आहे. मूल ती गोष्ट परदेशातली समजत असेल तर त्याला हे जरूर सांगावे. त्यापुढच्या वयासाठी कृष्णमेघ कुंटे यांचे ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ आहे. तामिळनाडूतील मुदुमलाईच्या जंगलात राहून अभ्यास करणाऱ्या तरुणाचे हे अनुभव आहेत, आणि ते वाचून निदान दोन मुलांनी पालकांची झोप उडवल्याचे आम्हाला माहीत आहे.

नातवंडे अमेरिकेत आहेत. मराठी पुस्तकांतले पक्षी त्यांना तिकडे दिसत नाहीत, मग पाठवून उपयोग काय?

तेच पक्षी दिसत नाहीत, त्यांचे भाऊबंद दिसतात. तिकडे अंगणात येणारा लाल छातीचा ‘रॉबिन’ आपल्या दयाळाचा नव्हे, तर कस्तुराचा जवळचा नातेवाईक आहे. कस्तुराचे पान उघडून नातवाला त्याचा चुलतभाऊ शोधायला सांगावे, आणि मराठीत त्याला काय नाव द्यावे हे त्यालाच ठरवू द्यावे.

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तके आज वाचण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि कधी कधी केवळ त्या काळासाठीच आहे. जुन्या पुस्तकात गावाबाहेरच्या ढोरवाड्यावर गिधाडांचा थवा उतरल्याचे वर्णन असे ओझरते येते की जणू कावळे उतरले. लेखकाला त्यात नोंदवण्यासारखे काही वाटलेले नसते. 1990 च्या दशकात जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने, ते औषध अंगात असलेली मेलेली जनावरे खाऊन, या देशातली बहुतांश गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आता तेच ओझरते वाक्य वाचताना वाचक थबकतो. माळढोकाचेही असेच. सोलापूरजवळचे नान्नज ज्या पक्ष्यासाठी राखले गेले, तो माळावर सहज दिसत असल्याची जुनी वर्णने आमच्या कपाटात आहेत, आणि आज देशभरात मिळून तो पक्षी दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरला आहे. म्हणून अशी पुस्तके रद्दीत काढण्याचा प्रस्ताव आला की आम्ही ती आधी चाळून पाहतो.

आकडे, कायदे आणि अभयारण्यांची नावे मात्र जुन्या पुस्तकांतून घेऊ नयेत. नवेगाव आणि नागझिरा ही जुन्या पुस्तकांत दोन निराळी ठिकाणे आहेत. 2013 पासून ती एकाच व्याघ्र प्रकल्पात आली आहेत.

झाडांची पुस्तके कोठे आहेत?

त्याच कपाटाच्या खालच्या खणात. डॉ. शरदिनी डहाणूकर यांची ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ ही वाचनाच्या आनंदासाठी, आणि श्री. द. महाजन यांची ‘देशी वृक्ष’ व ‘विदेशी वृक्ष’ ही ओळख पटवण्यासाठी. आपल्या रस्त्यांवरचा गुलमोहर मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, हे कळल्यावर काही वाचकांना वाईट वाटते. त्यांना आम्ही पळसाचे पान काढून देतो.

पुस्तकात पेन्सिलीने टिपा लिहिल्या तर चालेल का?

इतर कपाटांतील पुस्तकांत अजिबात चालणार नाही. या कपाटापुरती सवलत अशी आहे की पक्षी, प्राणी किंवा झाड कोठे व कोणत्या तारखेला पाहिले आणि आपल्या गावी त्याला काय म्हणतात, एवढेच समासात बारीक अक्षरात लिहावे. मत, प्रशंसा किंवा लेखकाशी भांडण लिहू नये. आमच्या एका पक्षिपुस्तकात भारद्वाजाच्या पानावर छापील नावाखाली तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत कुंभारकावळा, सोनकावळा आणि कुक्कुडकोंबा अशी नावे आहेत. तिसऱ्या नावापुढे ‘आजीकडे, परसातल्या केळीत, रोज सकाळी’ असे लिहिले आहे आणि तारीख राहून गेली आहे. ज्यांनी ते लिहिले असेल त्यांनी पुढच्या वेळी तारीख घालून जावी. पेन्सिल कपाटाच्या दाराला सुतळीने बांधलेली आहे.